पेटीतलं आणि पेटीबाहेरचं

पेटी, म्हणजे लाऊडस्पीकरचा जुना अ‍ॅम्प्लिफायर. पोलादी पत्र्याची, राखाडी हॅमरटोन रंगाची. शिरपुरात भंगाराच्या दुकानात किलोवर मिळाली. तांब्यासाठी फोडायची होती. फोडणारा माणूस लग्नाला गेला म्हणून शाबूत राहिली. "भलतं जड शे भाऊ," दुकानदार म्हणाला. वजन बहुतेक दोन ट्रान्सफॉर्मरांचं. समोर चार बटणं : दोन माइकची, एक तबकडीचं, एक टोनचं. कंपनीची पट्टी कुणीतरी उचकटलेली. तिच्यावाचून अडलं नाही.

मागची पट्टी. स्क्रूच्या टर्मिनलांवर आकडे : ४, ८, १६ ओहम आणि शेवटी १०० व्होल्ट. हा शेवटचा आकडा म्हणजे या पेटीचा खरा धंदा. भोंगा तीन-चारशे मीटरवर बांधला आणि आठ ओहमवर जोडला, तर निम्म्याहून जास्त ताकद वायरीतच जिरते. म्हणून आवाजही विजेच्या रीतीने चढ्या दाबावर पाठवायचा आणि भोंग्यापाशी लहान ट्रान्सफॉर्मर लावून उतरवून घ्यायचा. माघी पौर्णिमेची खंडेरावाची यात्रा घ्या, नाहीतर सातपुड्याच्या पायथ्याचा होळीआधीचा भोंगऱ्या बाजार. गर्दी पांगलेली असते, आणि हरवलेल्या पोराचं नाव सगळ्या टोकांना एकदमच ऐकू जावं लागतं.

भोंगा. अ‍ॅल्युमिनियमचा. ३० वॉटची पेटी आणि दोन भोंगे, एवढ्यात गाव भागायचं. खर्ज त्यातून येतच नाही, येतो तो माणसाच्या बोलण्याचा पट्टा. ढोलकीसुद्धा कडकड वाजते. आता वरातीच्या गाडीवर हजारो वॉट असतात. ताकद शंभरपट केली तरी कानाला आवाज साधारण चौपटच वाटतो, उरलेलं छातीला बसतं. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद, हा केंद्राचा नियम २००० सालचा. पेटीच्या उमेदीच्या काळात तमाशाचा वग पहाटेपर्यंत चाले.

व्हायब्रेटर. या पेटीत नाही, त्याचं रिकामं सॉकेट आहे. वीज न पोचलेल्या गावात पेटी मोटारीच्या बॅटरीवर चालवायची, तर बॅटरीचा एकाच दिशेने वाहणारा प्रवाह आधी तोडून-जोडून उलटसुलट करावा लागे. आतली लोखंडी पट्टी सेकंदाला शंभरेक वेळा थरथरायची आणि तिच्या टोकांवर ठिणग्या पडायच्या. टोकं काळी पडली की कार्यक्रम बंद.

व्हॉल्व्ह. मोठे दोन, ईएल ३४. ही जोडी नीट बांधली तर ३० ते ३५ वॉट सहज देते. लहान दोन, ईसीसी ८३. एकाच्या काचेवर भारत इलेक्ट्रॉनिक्सचं नाव पुसट वाचता येतं. बंगळूरची ही सरकारी कंपनी १९५४ साली स्थापन झाली, आणि एके काळी देशी रेडिओंचे व्हॉल्व्ह तिच्याकडून येत. व्हॉल्व्हच्या काचेला आतून चंदेरी मुलामा असतो. तो पांढरा पडला तर हवा शिरली, व्हॉल्व्ह फेकायचा. माझ्या चारांत एक पांढरा निघाला. नवा आजही मिळतो : स्लोव्हाकियात, रशियातल्या सारातोव्हला आणि चीनमध्ये अजून बनतात. भोंगेवाल्यांसाठी नव्हे, इलेक्ट्रिक गिटारवाल्यांसाठी. त्यांना ट्रान्झिस्टरचा फाटका आवाज आवडत नाही, व्हॉल्व्हचा फाटका आवाज आवडतो. त्यांच्या या हट्टावर शिरपूरची पेटी चालते आहे.

कागदी कंडेन्सर. मेणात बुडवलेले, बोटाएवढे. सगळ्यांत दगाबाज वस्तू हीच, कारण बिघडली तरी बाहेरून तशीच दिसते. तिचं काम आवाज पुढे जाऊ देणं आणि मागच्या व्हॉल्व्हचा दोनेकशे व्होल्टचा दाब अडवणं. कागद जुना झाला की दाब झिरपतो. पुढच्या मोठ्या व्हॉल्व्हची जाळी उणे राहायला हवी, ती अधिकाकडे सरकते, व्हॉल्व्ह नको तेवढा प्रवाह ओढतो, त्याची पत्र्याची नळी लालभडक होते आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. कंडेन्सर चार आण्याचा, नुकसान अख्ख्या पेटीचं. हे सगळे उपटून पॉलिप्रॉपिलीनचे, ६३० व्होल्टचे घातले. "आतलं मूळचं राहू द्या" म्हणणाऱ्या शौकिनांशी माझं इथे पटत नाही. मूळचं राहू द्यायला ही देवघरातली वस्तू नाही, हिच्यात जीव घेण्याइतका दाब असतो.

वीज साठवणारे मोठे कंडेन्सर. अ‍ॅल्युमिनियमचे डबे, ४५० व्होल्टचे. आतला ओलावा गेला की घुं-घुं सुरू होते, कधी डबा फुटतो. रिकामे डबे वर तसेच ठेवले, नवे खाली बसवले. पेटी बंद केल्यावरही यांच्यातली वीज जात नाही. वायर काढलेली पेटीही झटका देते. म्हणून त्यांच्या समांतर २२० किलोओहम, ३ वॉटचा रेझिस्टन्स कायमचा जोडला. दाब मिनिटाभरात उतरतो. तरीही मीटर लावून पाहिल्याशिवाय हात घालायचा नाही, आणि घालायचा तर एकच. दुसरा खिशात.

रेक्टिफायर व्हॉल्व्ह. तो काढून दोन डायोड लावा, स्वस्त पडेल, असा सल्ला हमखास मिळतो. डायोड गरम व्हायला थांबत नाहीत. बाकीचे व्हॉल्व्ह थंड, ओढणारं कुणी नाही, आणि ३५० व्होल्टच्या वायंडिंगवर दाब क्षणात ४९५ ला जातो. कंडेन्सर ४५० चे. व्हॉल्व्हच ठेवला.

सिरीज बल्ब. लाकडी फळीवर होल्डर, स्विच, सॉकेट. रेडिओ दुरुस्तीच्या प्रत्येक टेबलावर असायचा. पेटी थेट विजेवर लावायचीच नाही, मध्ये ६० वॉटचा बल्ब. बल्ब एकदा उजळून मंद झाला तर ठीक; भगभगत राहिला तर आत शॉर्ट आहे, पण जळालं काही नाही. फळी आजही कुणीही करेल. अडतं ते बल्बावर : इथे पिवळा, तारेचाच लागतो, आणि दुकानदार एलईडी पुढे करतो. एलईडी या कामाला निरुपयोगी.

दोन पिनांची वायर. सुती वेष्टणाची, आतलं रबर तडकलेलं. ती कापून टाकली. शिवाय वीज आणि पत्रा यांच्यामध्ये गुरगुर कमी करायला एक कंडेन्सर होता. तो शॉर्ट झाला की अख्खी पेटी जिवंत, आणि माइक धरलेल्या माणसाचे पाय ओल्या मातीत. तोही काढला. तीन तारांची वायर आणली, हिरवी तार पत्र्याला स्वतंत्र बोल्टने आवळली, फेजच्या तारेत फ्यूज घातला. पण हिरव्या तारेच्या दुसऱ्या टोकाला खरंच जमीन हवी. कोळसा आणि मीठ भरलेल्या अर्थिंगच्या खड्ड्यात मे महिन्यात बादलीभर पाणी ओतायची रीत होती. आता खड्डा कुठे आहे तेच घरात ठाऊक नसतं.

व्होल्टेजचे टॅप. २००, २२०, २४०. पेटी २०० वर लावलेली होती, त्यावरून त्या गावची संध्याकाळची वीज कळते. २४० वर आणली.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर. याचंच खरं भय होतं. शिरपुरात मोटार वायंडिंगची दुकानं चालू आहेत, कारण कापूस, केळी आणि ऊस पंपावर आहेत आणि पंप जळतात. तार, व्हार्निश, लेदराईड कागद, सगळं तिथे आहे. पण पंपाची वायंडिंग जाड तारेची, खाचांत बसवायची. इथे केसासारखी तार, थरागणिक कागद, आणि प्रायमरी-सेकंडरीचे थर एकाआड एक. हे गुंडाळणारा हात त्या दुकानांत आता नाही. सुदैवाने माझा ट्रान्सफॉर्मर धड निघाला.

कैया. स्टोव्हवर तापवायचा तांब्याचा ठोकळा, टोक नवसागरावर घासायचं, राळ लावायची, डाग द्यायचा. मी विजेचा वापरला. राळ मात्र तीच.

कागद. तळाच्या पत्र्याला आतून चिकटवलेला जोडणीचा नकाशा अर्धा झुरळांनी खाल्लेला. उरलेल्या अर्ध्याशेजारी नवा लावला : काय बदललं, कुठल्या किमतीचं, कुठे किती व्होल्ट यायला हवेत. खाली लाल शाईने : भोंगा जोडल्याशिवाय चालू करू नये, ट्रान्सफॉर्मर जळेल.