चाकांवरचे बिऱ्हाड, विजेचा रांजण

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात, फिनिक्सच्या पश्चिमेला सुमारे २०० किलोमीटरवर, क्वार्ट्‌झसाइट नावाचे वाळवंटी गाव आहे. वस्ती अडीच हजारांच्या आत. पण हिवाळा लागला की उत्तरेकडच्या बर्फाला कंटाळलेले पेन्शनर आपापली मोटारघरे घेऊन गावाबाहेरच्या ला पोसा या सरकारी माळावर उतरतात. वारीचा तळ पडावा तसा देखावा! २०२४ च्या जानेवारीत त्या तळावर आमच्या ताईचे बिऱ्हाड होते आणि मी तिचा पाहुणा.

शेगडी, फ्रीज, पलंग, न्हाणी, सारे एका बसएवढ्या जागेत. माळावर ना नळ, ना विजेची तार. पाणी टाकीतले, वीज बॅटरीतली.

भाऊजींना झोपेत श्वास अडकण्याचा विकार आहे. रात्रभर हवेचे यंत्र लावावे लागते. आदल्या हिवाळ्यात शिशाच्या दोन्ही बॅटऱ्या पहाटे तीनला मान टाकीत. जनरेटर लावावा, तर रात्री १० ते सकाळी ६ त्याला बंदी. ताई उशाशी जागी बसे. हे फिरणे कायमचे सोडून द्यावे, इथवर गोष्ट आली होती.

"अरे, शिशाच्या बॅटरीतली अर्धीच वीज आपली," भाऊजी मला सांगत होते. "त्याखाली रोज उतरलास, की तिचे आयुष्य झपाट्याने घटते."

म्हणून त्यांनी लिथियम-लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्या बसवल्या. या रसायनावरचा मूळ निबंध १९९७ साली टेक्सास विद्यापीठातून आला. त्यावर गुडइनफ यांच्या जोडीने पाढी आणि नंजुंडस्वामी ही दोन भारतीय नावे आहेत, हे सांगताना भाऊजींची छाती फुगली होती. १०० अ‍ॅम्पिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरीचे वजन ३० किलोंच्या घरात; हिचे १३ च्या आसपास, आणि जवळजवळ सगळी वीज वापरता येते. दोन बॅटऱ्यांत अडीच युनिटे. आपला गीझर तेवढी सव्वा तासात संपवतो!

पण नुसती बॅटरी बदलून भागत नाही. चार्जर नवा लागतो. लिथियम अधाशासारखी वीज ओढते, म्हणून इंजिनाचा अल्टरनेटर तापून जळू नये यासाठी मधे वीज मोजून देणारे यंत्र बसवावे लागते. बॅटरीलगत जाड फ्यूजही हवा. शून्य अंशाखाली ती चार्ज केली तर आतून कायमची बिघडते. वाळवंटातली पहाट कधी कधी तितकी गारठते, म्हणून बॅटऱ्या बाहेरच्या पेटीतून काढून पलंगाखाली उबेत आणल्या.

रात्री मला तीनला जाग आली. हवेचे यंत्र संथपणे चालले होते, आणि ताई गाढ झोपली होती.

सकाळी चहाआधी तिने भिंतीवरचा आकडा पाहिला. "बत्तीस टक्के गेले. मिक्सर चालेल, इस्त्री नको."

मी म्हटले, "आता एवढी मोठी बॅटरी आहे ना?"

"रांजण मोठा केला म्हणून पाऊस वाढतो का रे?" ती म्हणाली. टपावरची ४०० वॉटची सौरपाने जानेवारीच्या कलत्या उन्हात दिवसाला जेमतेम एक युनिट देतात. दोन दिवस ढग आले की हात आखडता.

मुंबईत आपण बटण दाबतो आणि महिनाअखेर बिलावर चिडतो. ताई रोज सकाळी तांदळाच्या डब्यात डोकवावे तशी विजेत डोकावते, आणि रात्री निवांत झोपते.