लाटांच्या गावी निघण्यापूर्वी

मागील पंधरवड्यात राजापेठेतील माझ्या दवाखान्यात एक गृहस्थ आपल्या दोन्ही मुलांना घेऊन आले. परीक्षा आटोपताच लिटल अंदमानला सर्फिंग शिकण्याचा बेत होता. तंदुरुस्तीचा दाखला हवा होता.

बेत उत्तमच. चेन्नईहून विमानाने श्रीविजयपुरम्, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, आणि तेथून जहाजाने हट बे. जवळच बटलर बेचा शांत किनारा आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने या बेटाची मोठी हानी केली होती. जहाज हवामानावर अवलंबून, म्हणून परतीच्या विमानापूर्वी दोन दिवस मोकळे ठेवावेत. खाडीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यातील मगरींचे भय असते. स्थानिकांनी नको म्हटले, तर पाण्यात उतरू नये.

वाचकहो, आपण वऱ्हाडची माणसे विहिरीत पोहायला शिकलेली. विहिरीचे पाणी माणसाला ओढून नेत नाही. समुद्राचा परतीचा प्रवाह मात्र आत खेचतो. अशा वेळी किनाऱ्याकडे झुंजत न राहता किनाऱ्याला समांतर पोहत त्यातून बाहेर पडावे. प्रवाळाने कापल्यास जखम स्वच्छ पाण्याने व साबणाने भरपूर धुवावी. धनुर्वाताची लस निघण्यापूर्वीच तपासून घ्यावी. कानाच्या पडद्याला छिद्र असलेल्यांनी आधी तज्ज्ञांना कान दाखवावा. मोठे रुग्णालय समुद्रापलीकडे आहे, हे विसरू नये.

धाकट्याचा दाखला मी लगेच लिहिला. थोरल्याच्या अर्जात ‘पूर्वीचे आजार’ हा रकाना कोरा होता. त्याला आठ महिन्यांपूर्वी फिट आली होती. गोळ्या मीच देतो. वडील हळूच म्हणाले, “डॉक्टरसाहेब, आता बरा आहे ना तो?” बरा आहे, पण लाटेवर फिट आली, तर शेजारी पोहणाऱ्यालाही ती कळणार नाही, तोंड पाण्यात असताना काही क्षणही पुष्कळ झाले. मी सही केली नाही.

मुलगा गप्प होता. मग त्याने विचारले, “किनाऱ्यावर बसून धाकट्याचे फोटो काढले, तर चालेल?”

चालेल, म्हटले. गोळ्या मात्र दोन वेगळ्या पिशव्यांत ठेव. एखादी पिशवी हरवली, तरी खंड पडायला नको. आणि जहाजावर जागरण करू नकोस.