दहा लाखांचे वर्ष

2018 सालच्या दिवाळीतील गोष्ट. नरक चतुर्दशीचे अभ्यंगस्नान आटोपून मी फराळाला बसलो होतो. चकलीचा पहिला तुकडा मोडतो न मोडतो तोच दारात मोटार थांबली आणि मोंढ्यातले एक परिचित आडत व्यापारी, पत्नी व मुलीसह, आत आले. मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे, जुन्या भाषेत मॅट्रिक. एका लहानशा खाजगी शाळेत मुलांना बाराखडी गिरवायला लावतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. हिला 'ळ' कधी नीट जमला नाही. ती आता एम. बी. बी. एस. झाली होती.

"मास्तर, तुम्हीच सांगा हिला," शेठजी करंजी हातात धरून म्हणाले. "खेड्यात जायचं म्हणायलीय. ऐकंनाच झालीय बघा."

प्रश्न बंधपत्राचा होता. सरकारी महाविद्यालयात शिकलेल्या डॉक्टराने एक वर्ष सरकारी सेवा करावी, नाहीतर 10 लाख रुपये भरावेत, असा तेव्हाचा नियम. शेठजींची रक्कम तयार होती. त्या वर्षात मुलीने पुढच्या परीक्षेचा अभ्यास करावा, असा त्यांचा हिशेब. वाईट माणूस नव्हे. तूर असो की मुलगी, माल वेळेवर बाजारात आला पाहिजे, एवढेच त्यांना कळे.

मी उगाच विद्वत्ता पाजळली. म्हटले, "शेठजी, अमेरिकेत न्यू मेक्सिको म्हणून एक राज्य आहे. तिथे खेड्यात काम करणाऱ्या डॉक्टरला वर्षाला 5,000 डॉलरपर्यंत कर माफ होतो. आपल्याकडे उलटी गंगा. न जाण्याचा कर!"

"मग आपलं सरकार का माफ करंना?"

याचे उत्तर मला ठाऊक होते. आयकर दिल्लीचा, तो मुंबईने कसा सोडावा? राज्याच्या हातात आहे तो व्यवसायकर, आणि त्याची मर्यादा वर्षाला 2,500 रुपये. तो सगळा सोडला तरी डॉक्टरीणबाईंची एक बऱ्यापैकी साडी निघेल. शिवाय गंमत अशी की, 1975 साली हा कर बसवला तोच खेड्यातल्या रोजगार हमीसाठी. खेड्याच्या नावाने घेतलेला पैसा खेड्याच्याच नावाने सोडायचा म्हणजे या खिशातून त्या खिशात.

पैशाखेरीज दुसरेही गाजर होते. सेवेत राहून दुर्गम भागात काढलेल्या प्रत्येक वर्षामागे पदव्युत्तर प्रवेशाच्या गुणांवर 10 टक्के, जास्तीत जास्त 30 टक्के, वाढ मिळण्याची तरतूद वैद्यक परिषदेच्या नियमांत होती. आणि घाटीच्या 70 टक्के जागा मराठवाड्यातल्या मुलांसाठी राखीव असत. तो नियम पुढे 2020 साली गेला. त्याच नियमाने या मुलीला जागा मिळाली होती. निजामीत आमच्याकडच्या मुलाला डॉक्टर व्हायचे तर हैदराबाद गाठावे लागे. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि त्याच वर्षी औरंगाबादेत वैद्यकीय महाविद्यालय निघाले. ते कोणासाठी निघाले, असे विचारावेसे मला वाटत होते; पण पाहुण्याच्या ताटात असले प्रश्न वाढू नयेत.

"मेळघाटात बैरागडला ते कोल्हे नवराबायको राहिलेच की," माझी पत्नी चहा ठेवताना म्हणाली. पुढच्याच वर्षी त्या दोघांना पद्मश्री मिळाली.

"वहिनी, सगळेच कोल्हे होत नसतात."

हेही खरेच होते.

मुलगी आतापर्यंत गप्प होती. तिने गावाचे नाव सांगितले आणि माझ्या हातातला चहा बशीत सांडला. कन्नड तालुक्यातले माझ्या गावाशेजारचे आरोग्य केंद्र ते. 2011 च्या पावसाळ्यात, रात्री, वडिलांच्या छातीत कळ आली तेव्हा तिथे डॉक्टरची खुर्ची रिकामी होती. शेजाऱ्याच्या जीपमधून आम्ही साठेक किलोमीटर निघालो. वेरूळचा घाट ओलांडून दौलताबादच्या वेशीतून जीप आत शिरली, तेव्हा त्यांचा हात माझ्या हातात गार पडला होता. आई अजून गावीच राहते, साखरेचा आजार घेऊन.

आता मी काय सांगायचे? जा म्हटले तर तो सल्ला माझ्या आईसाठी. जाऊ नको म्हटले तर वडिलांशी बेइमानी. मी लबाडी केली. गावाचे नाते सांगितलेच नाही. एवढेच म्हणालो, "पोरी, तिथे रात्री वीज जाते. कंदील बरोबर ने."

शेठजी माझ्यावर वर्षभर रुसले होते.

ती गेली. मार्गशीर्षात आईचा फोन आला : "नवी डॉक्टरीण आलीय. गुळाचा चहा पिते म्हणून रागावली मला. तू तिचा मास्तर ना रे? मी सांगून टाकलं."

वर्ष संपताच ती पुढच्या शिक्षणाला निघून गेली. जाण्याआधी घरी आली, तेव्हा म्हणाली, "सर, आधी का नाही सांगितलंत?" मी विषय फराळाकडे वळवला. खुर्ची त्यानंतर चार महिने रिकामी राहिली. आईने तिची औषधाची चिठ्ठी देवघरातल्या डब्यात ठेवली आहे. परवा ती मी उघडून पाहिली. 'गोळ्या' या शब्दातला 'ळ' अजून चुकलेलाच आहे.