मोटारीचा स्टार्टर किती टिकतो?

मोटार किती धांवली यावरून तिच्या स्टार्टरचें आयुष्य मोजण्याचा प्रघात आहे; तो आम्हांस मान्य नाहीं. भंडाऱ्याहून सुमारें ६० किलोमीटरांवरील नागपूर गांठण्यास स्टार्टर एकदांच राबतो. शाळा, बाजार, देऊळ अशा फेऱ्यांत तोच दिवसांतून दहादां. प्रत्येक वेळीं त्याचे कार्बनचे ब्रश झिजतात. सन २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेचें पाणी भंडाऱ्याच्या वस्त्यांत शिरलें होतें. असें पाणी स्टार्टरांत गेल्यास तो गंजतो. बॅटरी क्षीण असतां चावी फिरवून धरिली, तर तो तापून जळतो. म्हणून नवा स्टार्टर घेण्यापूर्वीं बॅटरी व तिचीं टोंकें तपासावीं. सेवक थकला तर त्यास अन्न मिळतें कीं नाहीं, हें आधीं पाहावें. नाहीं तर मध्यरात्रीं दुखणाइतास नागपुरास नेण्याच्या वेळींच तो उठणार नाहीं.