अन्वा येथील मढ

अजिंठ्याच्या डोंगररांगांलगत, जालना जिल्ह्याच्या उत्तर भागात धावडा हे गाव आहे. लेण्यांकडे निघालेला प्रवासी या बाजूस सहसा वळत नाही. त्यामुळे धावड्याच्याच भोकरदन तालुक्यातील अन्वा येथील मढ, हे बाराव्या शतकातील मंदिर, पाहावयाचे राहून जाते.

उंच जोत्यावर खुला सभामंडप, त्यात कोरीव दगडी खांबांची दाटी. गाभाऱ्यात आज शिवलिंग आहे. बाह्यभिंतींवर मात्र विष्णूच्या शक्तींच्या मूर्ती असल्याने मूळ देवालय वैष्णव असावे. लोक त्यास हेमाडपंती म्हणतात. हेमाद्री पंडित तर तेराव्या शतकातला!

अशी वास्तू बांधण्यापेक्षा ती राखणे कठीण. त्या काळी हा खर्च कसा भागे, याचा दाखला नाशिकजवळच्या अंजनेरी येथे मिळतो. तेथील जैन मंदिरात शके १०६३ चा, म्हणजे इ. स. ११४२ च्या सुमाराचा, शिलालेख आहे. यादव राजा सेउणचंद्राने चंद्रप्रभ तीर्थंकरांच्या मंदिरास बाजारपेठेतील दुकाने दिल्याची नोंद त्यात आहे. वत्सराज नावाच्या धनिक व्यापाऱ्याने, आणखी दोघांसह, एक दुकान व एक घर दिले. एकरकमी देणगीपेक्षा कायमचे उत्पन्न बरे, हा पक्का व्यापारी हिशेब त्यामागे असावा.