आडवा ७, उभा ९

सोयाबीन पेरून १७ दिवस झाले. उगवण चांगली झाली, त्यानंतर थेंब नाही. सारखं आभाळ बघण्यापेक्षा ओसरीवर बसून पुरवणीतलं शब्दकोडं घेतलं. साधं नाही, चकव्याचं.

आडवा ७: 'काम उलटं केलं तर कणीस येईल. अक्षरं २.' मी अर्थ लावत बसलो. उलटं काम म्हणजे काय, कापणीआधी मळणी? अर्ध्या तासाने कळलं, अर्थ सोडायचा अन् अक्षरंच फिरवायची. काम, मका! आपल्यात एका चौकोनात काना-मात्रेसकट अक्षर बसतं, म्हणून 'का' फुटत नाही, अख्खा फिरतो. हुरूप आला.

उभा ९ ला मात्र अडलो. 'पावलाचं पहिलं, मग गोड पीक. वाट बघायला लावतो. अक्षरं ३.' बीट झालं, रताळं झालं, काही बसेना. घरची ज्वारी निवडता निवडता म्हणाली, "अहो, पा आणि ऊस."

१७ दिवस डोक्यात दुसरं काही नाही, आणि तोच शब्द सुचू नये!

रोपं दुपारी माना टाकतात, सकाळी परत उभी राहतात. ज्या दिवशी सकाळीही उठली नाहीत, त्या दिवशी दुबार पेरणीचं बियाणं बघायला निघायचं.