नटण्याचा हक्क आणि शिलाईचे मोल

मला कपड्यांचे वेड आहे, हे आधीच कबूल करते. मी एका पतसंस्थेत लिपिक आहे. बी.कॉम. झाल्यापासून आकडेमोडीत आयुष्य चालले आहे. रविवारी महिला मंडळाची बैठक, वस्तीतल्या मुलांचा अभ्यासवर्ग, कुणाचे रेशनकार्ड, कुणाचा जातीचा दाखला ही कामे असतात. पण या साऱ्या धावपळीतही समोरून येणाऱ्या बाईच्या साडीचा काठ, ब्लाऊजची बाही, निऱ्यांची बैठक माझ्या नजरेतून सुटत नाही. चळवळीतल्या एक-दोन भगिनींनी मला तोंडावर विचारले आहे, "ताई, कार्यकर्तीला हे शोभतं का?" बरीच वर्षे मी या प्रश्नावर नुसतीच हसत आले. आता उत्तर द्यावे असे वाटते.

आमचे रांजणगाव बाहेरच्यांना अष्टविनायकांतील महागणपतीमुळे माहीत आहे आणि आता एमआयडीसीमुळेही. पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या, आमच्या तोंडी अजूनही 'नगर रोड' असलेल्या रस्त्याच्या कडेला कारखाने उभे राहिले. मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश इथली पोरे-पोरी रांजणगाव-कारेगावात खोल्या घेऊन राहू लागली. फॅशन पाहायची तर पगार झाल्यानंतरच्या आठवडे बाजारात यावे. पाळी सुटलेल्या मुली अंगात कंपनीचा शर्ट, खाली जीन्स आणि तोंडाला स्टोल बांधून येतात. नुसते डोळे दिसतात, पण डोळ्यांत काजळ असते. बिहारची नवी नवरी डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, पायात मात्र स्पोर्ट्स बूट घालते. बांधकामावरच्या मावशी साडीवर पुरुषाचा फुल बाह्यांचा शर्ट चढवतात. ऊन, धूळ आणि नजरा यांपासून बचाव व्हावा म्हणून निघालेली ही पद्धत, आणि मला ती फार आवडते. गुडघ्यावर फाटलेल्या जीन्स टांगलेल्या पाहून आमच्या वस्तीतल्या एक आजी म्हणाल्या, "आम्ही ठिगळं लावून भोकं झाकली, अन् ही पोरं पैसं देऊन भोकं इकत घेत्यात!"

या बाजारात ताडपत्रीवर कपड्यांचे ढीग लागतात. त्यांत 'एक्स्पोर्ट'चा माल म्हणून विकला जाणारा एक ढीग असतो. परदेशी ऑर्डर शिवताना काही नग खराब निघणार म्हणून कारखाने थोडे जास्तच कापतात. उरलेले आणि नापास झालेले नग लेबल कापून बाजारात येतात. त्याच ढिगात नुसते लेबल चिकटवलेला नकली मालही असतो. तेव्हा भगिनींनो, लेबल पाहू नका, कपडा उलटा करून पाहा. शिवणीला पुरेसा दाब सोडला आहे का, टाके बारीक आणि सारखे आहेत का, ओला रुमाल घासला तर रंग सुटतो का, हे तपासा. सुताबद्दल शंका असेल तर शिवणीतला एक धागा घरी जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

हे पाहायला मला आईने शिकवले. ती दुसऱ्याच्या रानात कांदे काढायला जायची. तिच्याजवळ चांगली म्हणावी अशी एकच पांढरी साडी होती. घरात इस्त्री नव्हती. तांब्यात निखारे भरून ती साडीवरून फिरवायची आणि मग घडी गोधडीखाली दाबून ठेवायची. चौदा एप्रिलला ती साडी नेसून निघाली की गावात कुणीतरी विचारायचेच, "आज लई नटलीस गं? कुठं लगीन हाय का?" विचारण्यात कौतुक नसायचे. आई न थांबता म्हणायची, "आज आमचा सण हाय." मी तिचे बोट धरून चाललेली असायचे. त्या वयात मला एवढेच कळले होते की आईच्या अंगावर कडक इस्त्रीची साडी असणे काही लोकांना खुपते.

ते का खुपते, हे पुढे वाचनातून कळले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब तिथे जमलेल्या स्त्रियांशी बोलले. तुमची लुगडे नेसण्याची तऱ्हा आणि अंगावरचे कथलाचे जडशीळ दागिने यांवरून तुमची जात ओळखू येते, ती ओळख टाकून द्या, असे त्यांचे सांगणे होते. स्वच्छ राहा, मुलींना शिकवा, हेही त्याच भाषणात होते. त्यानंतर स्त्रियांनी तिथल्या तिथे लुगडे नेसण्याची पद्धत बदलली. घोट्यापर्यंत लुगडे नेसणे ही तेव्हा किती मोठी गोष्ट होती, याची आज आपल्या मुलींना कल्पनाही येणार नाही.

कल्पना यावी म्हणून दुसरी गोष्ट सांगते. महाडच्या त्या दिवसांना दोन आठवडेही झाले नसतील, तोच ४ जानेवारी १९२८ च्या टाइम्स ऑफ इंडियात इंदूरकडची एक बातमी आली. बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे निर्मूलन' या १९३६ च्या भाषणात ती दिली आहे. तिथल्या सवर्णांनी बलाई समाजाला फर्मान काढले होते. पुरुषांनी जरीकाठी पागोटे घालायचे नाही, रंगीत किंवा नक्षीच्या काठाचे धोतर नेसायचे नाही. बायकांनी सोन्या-चांदीचे दागिने घालायचे नाहीत, झोकदार घागरे आणि चोळ्या घालायच्या नाहीत. फर्मानात धोतराचा काठसुद्धा सुटला नव्हता! म्हणून माझ्या मैत्रिणींना मी सांगते, आपल्या बाईने चांगले नेसणे हा नुसता शौक नाही. ज्या काठावर बंदी होती तो काठ आपण नेसतो, याचे भान ठेवून नेसावे.

इथवर माझी बाजू बळकट होती. पण माझ्या पुतणीच्या लग्नाने माझी परीक्षा घेतली.

पुतणी डिप्लोमा करून एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कंत्राटी पद्धतीने गुणवत्ता तपासणीच्या कामाला आहे. मे २०२५ मध्ये तिचे लग्न ठरले. मंगल परिणयाला पांढरी साडी नेसायची, याबद्दल वाद नव्हता. स्वागत समारंभासाठी मात्र तिला 'डिझायनर' लेहेंगा हवा होता, तोही पुण्याच्या दुकानातला. मी महिला मंडळात लग्नातल्या अनाठायी खर्चावर बोलणारी बाई. मी समजावू लागले तशी ती म्हणाली, "काकू, तुमचं भाषणात एक अन् कपाटात एक!" मी गप्प झाले. माझ्या कपाटात किती साड्या आहेत हे तिला चांगले ठाऊक होते.

अखेर मोठ्या जाऊबाई, पुतणी आणि मी एस.टी.ने निघालो. शिक्रापूर गेले, कोरेगाव भीमा गेले, पूल ओलांडल्यावर पेरण्याचा जयस्तंभ आला. तिघींनीही खिडकीतून हात जोडले. १ जानेवारीला इथे पांढऱ्या साड्या आणि निळ्या पदरांचा जो समुद्र लोटतो, त्याची आठवण झाली. वाघोलीपासून जाहिरातींचे फलक सुरू झाले आणि विमाननगरजवळ मॉल दिसला. पन्नासेक किलोमीटरच्या या एका रस्त्यावर आठवडे बाजार आहे, जयस्तंभ आहे आणि मॉलही आहे.

पुण्यात दोन-तीन ठिकाणी पाहून आम्ही एका मोठ्या दुकानात शिरलो. गार हवा, आरसे, मंद दिवे. पुतणीने एका लेहेंग्याकडे बोट दाखवले. विक्रेत्या मुलीने आधी जाऊबाईंच्या साडीकडे पाहिले, मग त्यांच्या झिजलेल्या चपलांकडे, आणि म्हणाली, "तो जरा हाय रेंजचा आहे. तुमच्यासाठी त्या बाजूला बघा." बोलणे गोड होते. जाऊबाईंनी पाय साडीत ओढून घेतले. ते पाय मी कधी विसरणार नाही.

पुतणीच्या खात्यात पंचेचाळीस हजार रुपये होते. दोन वर्षे जादा पाळ्या करून साठवलेले. लेहेंग्याची किंमत बेचाळीस हजार. आणि खर्चाविरुद्ध भाषणे करणारी मी तिच्या कानात म्हणाले, "घे! आत्ताच्या आत्ता घे!" रागाने माझे हात थरथरत होते. आईला 'लई नटलीस' म्हणणारा तो जुना आवाजच मला त्या गोड बोलण्यात ऐकू आला होता.

पुतणीने मात्र शांतपणे तो लेहेंगा काढायला लावला आणि उलटा केला. कारखान्यात दिवसभर नग तपासणारे तिचे हात ते. अस्तराचा टाका एका ठिकाणी सुटलेला होता, टिकल्या नुसत्या डिंकाने चिकटवलेल्या होत्या आणि दोन कळ्यांची नक्षी जोडावर जुळत नव्हती. ती मला म्हणाली, "काकू, लाइनवर हा पीस आला असता तर मी रिजेक्ट केला असता." तिने लेहेंगा परत दिला, त्या मुलीला 'थँक यू' म्हटले आणि आईचा हात धरून बाहेर पडली. तिथे मला शहाणपण शिकवणारी ती होती, मी नव्हे.

परतीच्या प्रवासात मी सवयीने हिशेब मांडला. तसाच लेहेंगा आमच्या गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंकडून करून घेतला तर कापड ५,२००, अस्तर आणि कॅनकॅन १,१००, लेस व लटकन ७००, शिलाई ३,०००, हाताचे भरतकाम २,५००. एकूण १२,५०० रुपये. दुकानाला भाडे, वीज, नोकरांचे पगार असतात हे मलाही कळते. तरी मधली उरलेली रक्कम फार मोठी होती.

आणि मग माझी खरी चूक घडली. दुसऱ्या दिवशी मी त्या ताईंकडे गेले आणि सवयीनेच म्हणाले, "तीन हजार फार होतात, अडीच हजारांत करा." ताई मशीनवरून मानही वर न करता म्हणाल्या, "करीन की. पण काकू, दुकानात तुम्ही कमी करायला सांगितलं होतं का?"

नव्हते सांगितले. आयुष्यात कुठल्याही मॉलमध्ये मी घासाघीस केलेली नाही. तिथे चिठ्ठीवर छापलेला आकडा मुकाट्याने देते. घासाघीस करते ती ताडपत्रीवर बसलेल्याशी, रात्री अकरापर्यंत मशीन चालवणाऱ्या बाईशी, चप्पल शिवणाऱ्या दादांशी. म्हणजे जिथे आपला मान राखला जात नाही तिथे आपण मुकाट्याने पैसे देतो आणि जो आपलाच आहे त्याच्या हाताचे मोल कमी करतो. दुकानातल्या मुलीने जाऊबाईंच्या चपलांकडे पाहून त्यांची किंमत केली. मी ताईंच्या मोडक्या स्टुलाकडे पाहून त्यांच्या शिलाईची किंमत केली होती. दोन्हींत फरक काय?

लग्नाला महिना-दीड महिना झाला नाही तोच, जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये थेट कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, पण कोल्हापूरचे नाव घेतले नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. इकडे ओरड झाल्यावर कंपनीने या चपलांची प्रेरणा भारतीय असल्याचे मान्य केले. डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार होऊन २,००० जोड इथल्या कारागिरांकडून करून घेण्याचे जाहीर झाले. किंमत सांगितली सुमारे ८०० युरो, म्हणजे आपल्या पाऊण लाखाहून जास्त! ज्या कामासाठी चर्मकार बांधवांना गावाने शिवू दिले नाही, त्याच कामाला परदेशी नाव लागताच एवढा भाव येतो. आपण मात्र त्याच कारागिराशी पन्नास रुपयांसाठी हुज्जत घालतो. प्राडाला बोल लावण्याचा आपल्याला अधिकार आहे, पण एक बोट आपल्याकडेही वळले पाहिजे.

ताईंना मी तीन हजारच दिले. लेहेंगा गर्द निळा झाला, कळ्यांची नक्षी जोडावर बरोबर जुळली होती. समारंभात चौघी-पाचजणींनी पुतणीला विचारले, "कुठल्या डिझायनरचा गं?" तिने ताईंचे नाव सांगितले आणि त्यांना हाताला धरून पुढे आणले. ताई पदराने तोंड पुसत राहिल्या. उरलेल्या पैशांतून पुतणीने जुनी स्कूटर घेतली. आता पाळीला जाताना तिला गाडीची वाट पाहत थांबावे लागत नाही. जाऊबाईंना तिने नव्या चपला घेऊन दिल्या. त्या त्यांनी अजून खोक्यातच ठेवल्या आहेत, चौदा एप्रिलला घालणार म्हणून.

हल्ली महिला मंडळात मी 'साधे कपडे घाला' असे सांगत नाही. सांगते ते असे. हौसेने नेसा, पण कर्ज काढून नाही. लेबल पाहण्याआधी शिवण पाहा. मुलीच्या फीचे पैसे साडीत घालू नका, कारण महाडच्या भाषणात नीट नेसण्याबरोबर मुलींना शिकवायलाही सांगितले होते. आणि ज्या हाताने शिवले त्या हाताशी घासाघीस करू नका.

'कार्यकर्तीला हे शोभतं का?' असे मला पुन्हा कुणी विचारले, तर मी म्हणेन, नटणे शोभते. शिलाईतले पाचशे रुपये कमी करायला सांगणे मात्र शोभले नव्हते.